बेघर व्यक्तींसाठी स्वयंपाकघरातील रोजगार-प्रशिक्षण: उपक्रम कसा उभारावा आणि कसा चालवावा

बेघर व्यक्तींना स्वयंपाकाचे काम शिकवून नोकरीपर्यंत पोहोचवणारा उपक्रम सुरू करायचा, तर एकाच छपराखाली दोन संस्था चालवायची तयारी ठेवावी लागते. त्यांपैकी एक शाळा असते, जिथे शिकणारा चुकत, हळूहळू हाताला वळण लावत जातो. दुसरा धंदा असतो, जिथे ठरलेल्या वेळी ठरलेली ताटे बाहेर पडावीच लागतात आणि शिकणाऱ्याच्या संथपणाशी गिऱ्हाइकाला काही देणेघेणे नसते. शाळेला वेळ हवा असतो, धंद्याला वेग. अशा उपक्रमांच्या बहुतेक अडचणी या ओढाताणीतून उद्भवतात, आणि त्यांची सोडवणूक पहिली शेगडी पेटवण्याआधी, हिशेबाच्या वहीत आणि दिवसाच्या वेळापत्रकात करावी लागते.

स्वयंपाकघरच का, याचे उत्तर व्यवहारातले आहे. भटारखान्यांत, रुग्णालयांच्या आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत, केटरिंगच्या व्यवसायात माणसांची गरज सतत असते. तिथे पदवीपेक्षा हात पाहिला जातो, प्राथमिक कौशल्य काही आठवड्यांत दाखवण्याजोगे होते आणि कामाच्या वेळेत जेवण मिळते. परंतु याच व्यवसायाची दुसरी बाजू शिकणाऱ्यापासून लपवू नये. पाळ्या अवेळी असतात, उष्णता आणि उभे राहणे अंगावर येते, सुरुवातीचा पगार कमी असतो आणि अनेक ठिकाणी काम संपल्यावर दारू पिण्याचा प्रघात असतो. व्यसनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसासाठी हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. म्हणूनच रात्री उशिरा बंद होणाऱ्या उपाहारगृहांपेक्षा सकाळी सुरू होऊन दुपारी संपणारी संस्थात्मक स्वयंपाकघरे अनेकांसाठी अधिक योग्य ठरतात, आणि प्रशिक्षणाचा रोख आधीपासून तिकडे ठेवता येतो.

शेवटापासून सुरुवात

अभ्यासक्रम लिहिण्याआधी परिसरातील नोकरी देऊ शकणाऱ्या स्वयंपाकघरांना भेटी द्याव्यात. मालकापेक्षा मुख्य आचाऱ्याशी आणि पाळीचे वेळापत्रक लावणाऱ्या माणसाशी बोलणे उपयोगी पडते. नवीन मदतनिसाला पहिल्या दिवशी काय यायला हवे, कोणत्या पाळीला माणूस मिळत नाही आणि नवे लोक पहिल्याच महिन्यात का सोडून जातात, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तरांत नाजूक सजावटीचा किंवा अवघड पदार्थांचा उल्लेख क्वचितच येतो. वेळेवर येणे, सुरी सुरक्षित वापरणे, सांगितलेले नीट ऐकणे, जागा स्वच्छ ठेवणे आणि येणार नसल्यास आधी कळवणे हेच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. अभ्यासक्रमाचा सांगाडा इथेच तयार होतो. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: ती पाळी सुटते तेव्हा परतीचे वाहन मिळते का? शेवटची बस निघून गेल्यानंतर सुटणारी नोकरी वाहन नसलेल्या माणसासाठी नोकरीच नव्हे.

जुन्या गुन्ह्याची नोंद असलेल्या उमेदवाराला कोण घेईल आणि कोण घेणार नाही, हेही याच टप्प्यावर स्पष्ट विचारावे. बेघर माणसांपैकी अनेकांच्या नावावर किरकोळ गुन्हे असतात, आणि त्यांतले काही तर उघड्यावर राहण्यातूनच घडलेले असतात. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर दार बंद आढळण्यापेक्षा कोणती दारे उघडी आहेत याची यादी आधी हाती असलेली बरी.

कोणता धंदा निवडावा

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक देखणे उपाहारगृह असते. ते लोकांना दिसते, देणगीदारांना तिथे जेवायला नेता येते, वर्तमानपत्रांतून त्यावर लिहून येते. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. उपाहारगृहात गर्दी अनिश्चित असते, प्रत्येक ताट ऐन वेळी तयार करावे लागते आणि चूक थेट गिऱ्हाइकासमोर जाते. नवशिक्यासाठी हे तिन्ही ताण एकदम येतात. याउलट शाळा, निवारे, पाळणाघरे किंवा वृद्धांची केंद्रे यांना रोज ठरावीक संख्येने जेवण पुरवण्याचे कंत्राट असेल, तर उद्या किती कांदे चिरायचे हे आज माहीत असते. एकच कृती पुष्कळ वेळा करायला मिळते, आणि हात बसण्यासाठी तीच पुनरावृत्ती लागते.

या मार्गाने गेलेल्या संस्थांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात रॉबर्ट एगर यांनी १९८९ मध्ये डीसी सेंट्रल किचन सुरू केले, तेव्हा मूळ कल्पना मेजवान्यांतले उरलेले चांगले अन्न गोळा करून निवाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची होती. ज्यांना ते अन्न मिळत होते त्यांनाच स्वयंपाक शिकवण्याची जोड लवकरच दिली गेली आणि पुढे शाळांना जेवण पुरवण्याच्या कंत्राटांतून संस्थेला स्वतःचे उत्पन्न मिळू लागले. सिअ‍ॅटलमधील फेअरस्टार्टचा उगमही निवाऱ्यांना जेवण पुरवण्याच्या कामात होता. १९९२ मध्ये ती ना-नफा संस्था झाली आणि प्रशिक्षण तिच्या केंद्रस्थानी आले. तिचे उपाहारगृह प्रसिद्ध झाले तरी घाऊक जेवण पुरवण्याचे काम तिच्या पायाशी आहे. दुसऱ्या बाजूला, जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध शेफने २००२ मध्ये लंडनमध्ये बेरोजगार तरुणांना शिकवण्यासाठी फिफ्टीन हे उपाहारगृह काढले. अनेक तरुण तिथून घडले; पण २०१९ मध्ये त्यांच्या उपाहारगृहांचा व्यवसाय कोसळला तेव्हा तेही बंद झाले. शाळेचे भवितव्य एकाच उपाहारगृहाच्या गल्ल्याला बांधले तर काय होऊ शकते, ते या उदाहरणावरून कळते.

अर्थात घाऊक कंत्राटांतही धोका असतो. एकच मोठे कंत्राट हातात असेल आणि ते नूतनीकरणाच्या वेळी गेले, तर एका महिन्यात सगळे थांबते. म्हणून एक मोठे आणि दोन-तीन लहान कंत्राटे, त्यांच्या मुदती वेगवेगळ्या महिन्यांत संपतील अशी रचना, आणि जोडीला कार्यालयांच्या बैठकांसाठी अल्पोपाहार पुरवण्यासारखे एखादे जास्त नफ्याचे काम, असा मेळ बसवावा. उपाहारगृह काढायचेच असेल तर ते दोन-तीन वर्षांनी, आणि प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांसाठी काढावे.

दोन वह्या

या उपक्रमाचा हिशेब कसा ठेवावा हा सर्वांत कोरडा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

समजा, दररोज ३०० जेवणांचे काम आहे. चार अनुभवी माणसे ते सहा तासांत करतात, म्हणजे त्याला २४ श्रम-तास लागतात. आता त्याच स्वयंपाकघरात दोन अनुभवी माणसे आणि दहा शिकाऊ आहेत, आणि तेवढ्याच कामाला सहा तास लागतात. एकूण तास ७२ झाले. जेवणाची किंमत ठरवताना २४ तासांची मजुरी धरावी, कारण बाजारात त्या जेवणाची तेवढीच किंमत आहे. उरलेल्या ४८ तासांचा खर्च, म्हणजे विद्यावेतन, शिकवणाऱ्याचा वेळ आणि वाया गेलेला माल, हा शिक्षणाचा खर्च आहे. तो अनुदानातून, देणग्यांतून किंवा सरकारी कौशल्य-योजनेतून भागवावा. हे दोन आकडे एकाच वहीत मिसळले की दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक तर धंदा तोट्यात दिसतो आणि व्यवस्थापक घाबरून विद्यार्थ्यांना शिकवण्याऐवजी महिनोन्‌महिने बटाटे सोलायला बसवतो. किंवा अनुदानाच्या जोरावर जेवण बाजारभावाहून स्वस्त विकले जाते आणि अनुदान थांबताच उपक्रम बसतो.

जेवणाच्या वहीत कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास आणि कच्चा माल व धंद्याची मजुरी मिळून साठ-पासष्ट टक्क्यांच्या आत राहावी, हा खाद्यव्यवसायातील रूढ अंदाज आहे. उरलेल्यात भाडे, इंधन, वाहतूक, विमा आणि दुरुस्ती बसवायची असते. मालाची किंमत काढताना सोलून-निवडून हाती उरणारे वजन धरावे. १० किलो गाजरे सोलल्यावर ८ किलो उरत असतील, तर ४० किलो स्वच्छ गाजरांसाठी ५० किलो विकत घ्यावी लागतात आणि वापरातील गाजराचा खरा भाव खरेदीभावाच्या सव्वापट पडतो. शिकाऊ हात जाड साली काढतात, त्यामुळे सुरुवातीला हे प्रमाण आणखी घसरते. हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. सालींचे वजन करून फळ्यावर लिहिले की सुरी आपोआप बारीक चालू लागते, आणि टक्केवारी शिकवण्याचा याहून चांगला तास माझ्या पाहण्यात नाही.

विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावे की मजुरी, हा प्रश्न कामगार कायद्याचा आहे आणि तो वकिलाकडून लेखी सोडवून घ्यावा. विकल्या जाणाऱ्या अन्नावर माणूस रोज राबत असेल, तर अनेक देशांचे कायदे त्याला कामगार मानतात, मग संस्था त्याला काहीही म्हणो. नैतिक बाजू तर उघडच आहे. शिवाय, मिळणाऱ्या रकमेमुळे कुणाचे सरकारी साहाय्य कमी होणार असेल, तर ते पहिल्या दिवशीच कागदावर मांडून दाखवावे. ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यात कळली तर माणूस न सांगता निघून जातो.

दार कुणासाठी

प्रवेशाच्या दोन टोकांच्या पद्धती आहेत. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स शहरातील ग्रेस्टन बेकरी १९८२ मध्ये बर्नी ग्लासमन यांनी सुरू केली. तिथे मुलाखत किंवा पार्श्वभूमीची चौकशी न करता यादीतील पुढच्या माणसाला काम दिले जाते. दुसऱ्या टोकाला मुलाखती, चाचण्या आणि नशामुक्तीचे दाखले मागणाऱ्या संस्था असतात. पहिल्या पद्धतीत गळती जास्त असते. दुसऱ्या पद्धतीत असेच लोक निवडले जातात ज्यांना कदाचित या उपक्रमाविनाही काम मिळाले असते. मधला मार्ग म्हणून एका आठवड्याचा चाचणी-काळ ठेवावा, ज्यात संस्था विद्यार्थ्याला पाहते आणि विद्यार्थी स्वयंपाकघराला. अनेक जण तिथेच ठरवतात की हे काम आपले नाही, आणि ते निमूटपणे मान्य करावे.

नशेच्या बाबतीत नियम स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापुरता असावा. नशेत असलेल्या माणसाला सुरी आणि उकळत्या पातेल्याजवळ उभे करता येत नाही, आणि हा नियम शिक्षकालाही लागू असतो. पण एका वेळच्या घसरणीसाठी कायमचे नाव कापू नये. त्या दिवशी घरी पाठवावे. ‘घरी’ हा शब्द इथे लंगडा पडतो, म्हणून त्या दिवशी तो माणूस जाईल कुठे, हेही कुणीतरी पाहावे.

प्रवेश आणि सुरुवात यांत फार अंतर असू नये. रस्त्यावर राहणारा माणूस आज तयार असेल, तर दोन महिन्यांनी तो त्याच ठिकाणी सापडेल याची शाश्वती नसते. त्यामुळे वर्षातून तीन मोठ्या तुकड्या घेण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी तीन-चार नवे विद्यार्थी घेणे श्रेयस्कर ठरते. त्याचा आणखी एक लाभ म्हणजे स्वयंपाकघरात सगळेच नवशिके कधीच नसतात. सहाव्या आठवड्यातील विद्यार्थी पहिल्या आठवड्यातील विद्यार्थ्याला कांदा धरायला शिकवतो, आणि शिकवताना त्याचे स्वतःचे शिकणे पक्के होते.

माणसाचे चोवीस तास

वर्गाची वेळ ठरवताना शिक्षकाची सोय पाहिली जाते. पाहायला हवे ते विद्यार्थ्याचे चोवीस तास. अनेक रात्रनिवाऱ्यांत खाट मिळवण्यासाठी दुपारीच रांगेत उभे राहावे लागते आणि सकाळी ठरावीक वेळी बाहेर पडावे लागते. वर्ग संध्याकाळी पाचपर्यंत चालला तर विद्यार्थ्याला शिक्षण आणि झोप यांतून एक निवडावे लागते, आणि तो झोप निवडतो, यात चूक काही नाही. निवाऱ्याशी लेखी करार करून विद्यार्थ्यांच्या खाटा राखून ठेवाव्यात, उशिरा प्रवेशाची सवलत घ्यावी, किंवा वर्ग सकाळी सातला सुरू करून दुपारी एकच्या आत संपवावा. याहून चांगली गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाच्या काळात राहण्याची खोली देणाऱ्या संस्थेशी भागीदारी करणे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केलेल्या कामातून ‘हाउसिंग फर्स्ट’ हा विचार पुढे आला. माणसाने आधी ‘लायक’ व्हावे आणि मग त्याला घर मिळावे, हा क्रम त्याने उलटवला. अटी न घालता आधी घर दिले, तर बहुतेक माणसे ते टिकवतात, हे त्यातून दिसले. प्रशिक्षण संस्थेला घरे देता येणार नाहीत, पण नोकरी ही घराची पूर्वअट आहे असे वागण्याचे तरी तिने टाळावे.

त्याखेरीज काही गोष्टी इतक्या लहान असतात की प्रकल्प-अहवालात त्यांना जागा मिळत नाही, आणि नेमक्या त्यांच्यावाचून माणसे अडतात. ओळखपत्र नसेल तर पगार बँकेत जमा होत नाही, आणि पत्ता नसेल तर ओळखपत्र मिळत नाही. म्हणून संस्थेने टपालासाठी आपला पत्ता वापरू द्यावा आणि कागदपत्रांचे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करावे, कारण त्याला सर्वाधिक वेळ लागतो. कुलूप लागणारे कपाट हवे, नाहीतर माणूस आपली पिशवी पायाशी घेऊन काम करील. अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय हवी. फोन चार्ज करायला जागा हवी. न घसरणारे, मापाचे बूट संस्थेने द्यावेत. दिवसभर चालणाऱ्या माणसांच्या पायांना जखमा असतात आणि आठ तास उभे राहण्याच्या कामात त्या बळावतात. औषधे थंड जागी ठेवावी लागत असतील तर अन्नाच्या फ्रिजपासून वेगळा लहान फ्रिज ठेवावा. आणि प्रत्येकाची दृष्टी तपासून घ्यावी. पाककृती वाचता न येणे हे निरक्षरतेचे लक्षण समजले जाते, तेव्हा पुष्कळदा फक्त चष्मा हवा असतो.

काय आणि कसे शिकवावे

सर्वसाधारणपणे तीन ते चार महिन्यांचा काळ पुरतो. शेवटचे तीन-चार आठवडे बाहेरच्या एखाद्या खऱ्या स्वयंपाकघरात उमेदवारी असावी. एका शिक्षकामागे आठ-दहाहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत.

पहिला आठवडा हात, सुरी आणि थर्मामीटर यांचा असतो. साबणाने किमान २० सेकंद हात धुणे, कच्च्या मांसाला हात लावल्यावर, कचरा टाकल्यावर आणि चेहऱ्याला स्पर्श झाल्यावर पुन्हा धुणे, हे सवयीने होईपर्यंत दुसरे काही शिकवू नये. चिरताना भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून पेरांचा आधार सुरीला द्यावा, चॉपिंग बोर्डाखाली ओले फडके ठेवावे, आणि सुरी धारदार असावी; बोथट सुरीला जोर लागतो आणि ती घसरते. कुणाच्या मागून जाताना ‘मागे आहे’, गरम भांडे नेताना ‘गरम आहे’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. ज्यांच्या अंगावर अचानक कुणी धावून आलेले आहे, अशा माणसांना पाठीमागे कुणी आहे हे आवाजाने कळणे फार दिलासा देणारे असते. व्यवसायातील जुना नियम इथे दुहेरी उपयोगाचा ठरतो.

तापमानाचे आकडे पाठ करून घ्यावेत. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणू झपाट्याने वाढण्याचा पट्टा. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश भरले पाहिजेत. शिजवलेले अन्न साठवायचे असल्यास पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरवावे, आणि त्यासाठी सूपचे खोल पातेले तसेच फ्रिजमध्ये न ठेवता ते उथळ भांड्यांत ओतावे. स्थानिक नियमांतील आकडे थोडे वेगळे असतील तर तेच पाळावेत. थर्मामीटर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य दाखवतो का, हे तपासायला प्रत्येकाला शिकवावे. धोक्याचे टप्पे आधी ओळखून तिथे मोजमाप व नोंद ठेवण्याची पद्धत, जिला एचएसीसीपी म्हणतात, ती १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीने मिळून विकसित केली. विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे, कारण तक्त्यावर दर तासाला आकडा लिहिण्याचे कंटाळवाणे काम त्यानंतर थोडे वेगळे दिसू लागते. अन्नसुरक्षेची मान्यताप्राप्त परीक्षा पहिल्या महिन्याभरात द्यायला लावावी. अनेकांच्या हातात कित्येक वर्षांत आलेले ते पहिले प्रमाणपत्र असते आणि मधेच प्रशिक्षण सुटले तरी ते त्यांच्याजवळ राहते.

पुढे घाऊक स्वयंपाक येतो: पूर्वतयारी आणि मांडणी, साठा आधी आलेला आधी वापरणे, डब्यांवर तारीख लिहिणे, सूप, भात, भाजलेल्या भाज्या, मोठ्या भांड्यांतील रस्से. ४० जणांची पाककृती २५० जणांसाठी करताना सव्वासहाने गुणावे लागते, पण मीठ, तिखट आणि पाणी आंधळेपणाने गुणून चालत नाही. रुंद भांड्यातून होणारे बाष्पीभवन आणि मसाल्याचा उतार वेगळा असतो, म्हणून ते कमी घालून चव घेत वाढवावे. वाचण्यात अडचण असणाऱ्यांसाठी पाककृतीचे टप्पे छायाचित्रांत मांडून भिंतीवर लावावेत. ते सर्वांसाठीच लावावेत, म्हणजे कोण वाचू शकत नाही हे उघडे पडत नाही.

भांडी घासणे आणि जागा धुणे हे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. पहिली नोकरी बहुधा तिथेच मिळणार असते, आणि ज्याने ते काम अपमान म्हणून शिकले तो ते टिकवणार नाही. मुख्य शिक्षकानेही आठवड्यातून एक पाळी धुण्याच्या जागी उभे राहावे.

शेफ आणि समुपदेशक या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत. शेफने उशिरा येणाऱ्याला उशीर झाला असे सांगावे आणि कामाला लावावे. उशीर का झाला याची चौकशी समुपदेशकाने, स्वयंपाकघराबाहेर, दार लावून करावी. शेफ निवडताना त्याच्या हातच्या चवीइतकेच त्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. नामांकित भटारखान्यांत आरडाओरडा ही परंपरा मानली जाते. इथे तिला जागा नाही. मात्र सौम्यपणा म्हणजे ढिलाई नव्हे: कच्चट भात परत शिजवावा लागतो, चुकलेला तक्ता पुन्हा भरावा लागतो. दयेपोटी वाईट काम चालवून घेतलेला विद्यार्थी बाहेरच्या पहिल्याच पाळीत उघडा पडतो. सुऱ्यांची मोजणी पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी करावी, आणि ती सगळ्यांसमोर, शिक्षकांच्या सुऱ्यांसकट करावी, म्हणजे संशयाचा वास येत नाही.

विक्री आणि माणसांची गोष्ट

अन्न चांगले असल्यामुळे विकले जावे. सहानुभूतीने गिऱ्हाईक एकदा येते. विद्यार्थ्यांच्या कहाण्या आणि छायाचित्रे प्रचारासाठी वापरण्याचा मोह मोठा असतो, पण ज्याची जागा, विद्यावेतन आणि खाट संस्थेच्या हातात आहे त्याने दिलेली संमती मोकळी नसते. म्हणून प्रशिक्षण चालू असताना कुणाचेही नाव वा चेहरा वापरू नये. नोकरी लागून सहा महिने झाल्यावर विचारावे, आणि नकार आला तर कारण विचारू नये. ताटे वाढणाऱ्याच्या कपड्यांवर तो बेघर असल्याचे सांगणारे कोणतेही वाक्य नसावे.

नोकरीनंतर

नोकरी लागल्यावर पहिला पगार हाती येईपर्यंतचे आठवडे सर्वांत नाजूक असतात. प्रवासाचा खर्च सुरू झालेला असतो, विद्यावेतन थांबलेले असते आणि संस्थेतील जेवणही सुटलेले असते. या काळासाठी एक लहान निधी राखून ठेवावा आणि तो देणगी म्हणून द्यावा. कर्ज दिले तर फोन उचलणे बंद होते. पहिल्या आठवड्यात दोनदा, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर वर्षभर दर महिन्याला संपर्क ठेवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे, त्याच्या पगारी वेळेत, सोपवावे. नोकरी देणाऱ्यालाही याच माणसाचा क्रमांक द्यावा आणि सांगावे की कामावरून काढण्याआधी एक फोन करावा. निम्म्या तक्रारी पाळी बदलून किंवा एखादा गैरसमज दूर करून मिटतात. नोकरी सुटली तर पुन्हा येण्याची वाट खुली असल्याचे निरोपाच्या दिवशीच लेखी द्यावे, आणि परत आलेल्याला पहिल्या आठवड्यापासून बसवू नये. त्याला जे येते ते येते.

हिशेब देताना किती जणांनी प्रमाणपत्र घेतले हा आकडा देणगीदारांना आवडतो, पण त्यावरून फारसे कळत नाही. दाखल किती झाले, पूर्ण किती जणांनी केले, नोकरी किती जणांना लागली, सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जण कामावर होते, मग ते कोणत्याही स्वयंपाकघरात किंवा अगदी दुसऱ्याच व्यवसायात असोत, आणि त्यांपैकी किती जणांकडे स्वतःच्या नावावर राहण्याची जागा होती, हे आकडे दरवर्षी त्याच क्रमाने मांडावेत. दाखल झालेल्यांपैकी जवळपास सगळेच प्रशिक्षण पूर्ण करू लागले, तर अभिनंदन स्वीकारण्याआधी प्रवेशाची पद्धत तपासावी; बहुधा अवघड माणसे दारातच गाळली जात असतात.